हिरव्याने खाल्लेला किनारा

काकांनी कप्प्याला कुलूप लावलं होतं, आणि ते तिला आल्या आल्याच खटकलं.

घरामागच्या त्या लांब खोलीला सगळे कारखानाच म्हणायचे. यंत्र म्हणावं असं तिथे एकच होतं, कागद दाबून सपाट करायचं जुनं लोखंडी दाबयंत्र. बाकी काचेचं टेबल, खळीची भांडी, टिपकागदाचे गठ्ठे आणि भिंतभर पसरलेलं नकाशांचं कपाट. बाबा आणि काका, दोघे भाऊ, जन्मभर इथे जुने नकाशे दुरुस्त करत आले. कुलूप ही चीज या खोलीत कधी नव्हती. "चोर आलाच तर त्याला आधी विचारीन, कागद धरता येतो का," बाबा म्हणायचे. आता बाबा नव्हते. त्यांचा चष्मा खिडकीच्या फळीवर उपडा पडला होता, तो कुणी उचलला नव्हता. आणि कपाटाच्या खालच्या बाजूला एका रुंद कप्प्यावर नवंकोरं पितळी कुलूप लटकत होतं.

"काका, यात काय आहे?"

"ग्रंथालयाचा डच नकाशा. झालंय त्याचं काम. उद्या बाई येतील, घेऊन जातील."

"मग कुलूप कशाला?"

"हवा दमट आहे."

कुलपाने दमट हवा कशी अडते, हे तिच्या अगदी ओठावर आलं होतं. तिने ते गिळलं. दुसऱ्या शहरात एका छापखान्यात ती मुद्रितं तपासायची. ओळ सरळ दिसली की तिच्यावर आधी संशय घ्यायचा, हा तिचा रोजचा उद्योग. पण घरच्या माणसावर तो चालवायचा नसतो, एवढं भान तिला होतं. निदान पहिल्या दिवशी तरी.

त्या नकाशाबद्दल तिला सगळं माहीत होतं. बाबा फोनवर दुसरं बोलतच नसत. डचांची जहाजं नवनव्या समुद्रांत शिरत होती त्या काळात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला, मग हाताने रंगवलेला. त्यात दक्षिणेकडची एक मोठी भूमी होती आणि तिचा किनारा मध्येच संपत होता. जहाज जिथवर गेलं तिथवर रेघ, पुढे कोरा कागद. बाबांना त्या कोऱ्या जागेचं कोण कौतुक. "अगं, ज्याला ठाऊक नव्हतं तो गप्प बसला. डोंगर नाही काढले, राक्षस नाही काढले. अशी माणसं राहिलीत कुठे?" पण त्या रंगवणाऱ्यांनी किनाऱ्याच्या कडेने हिरवा रंग फिरवला होता, आणि तो हिरवा तांब्यापासून केलेला. असा हिरवा वर्षानुवर्षं कागद खात बसतो. आधी तपकिरी होतो, मग मागून उमटतो, मग एक दिवस किनाऱ्याचा तुकडाच गळून पडतो. नेमकं रेघ संपते तिथेच भोक पडलं होतं. त्यामुळे मूळ रेघ त्या भोकात अजून किती पुढे गेली होती, हे निदान या कागदावरून तरी आता कळत नव्हतं.

भोक बुजवायचं, रेघ काढायची नाही, हा कारखान्याचा नियम. पातळ कागद खळीने बसवायचा, आजूबाजूशी जुळेल असा मातकट रंग द्यायचा आणि हात धुवायचे. नियम मोडल्याची एकच गोष्ट घरात सांगितली जायची. तरुणपणी काकांनी एका नकाशातल्या देवमाशाची गळालेली शेपटी गमतीगमतीत पुरी करून टाकली होती. इतकी हुबेहूब की गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. बाबांना कळल्यावर त्यांनी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन ती शेपटी पुसली, आणि त्यानंतर कितीतरी दिवस भावाशी बोलले नाहीत. एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून दोघं काकूमार्फत खळ मागायचे.

"ह्याचा हात सोन्याचा," बाबा म्हणायचे, "पण त्याला लगाम नाही."

म्हणूनच ग्रंथालयाच्या बाई काम घ्यायला आल्या की लिहून-बिहून काही घेत नसत. उभ्या उभ्या एकच विचारायच्या, "काही भर घातली आहे का?" बाबा म्हणायचे, "नाही." की झालं. त्या शब्दावर नकाशा पुन्हा त्यांच्या संग्रहात जायचा, आणि अभ्यासक त्यावर बेलाशक पुस्तकं लिहायचे. उद्या ते उत्तर तिला द्यायचं होतं. बाईंनी तसं फोनवर सांगितलं होतं: "तुमच्या वडलांच्या जागी तुम्ही सांगा. काकांना नाही विचारणार मी. गैरसमज नको." यात समजायचं ते ती समजली. देवमाशाची शेपटी बाईंनाही ठाऊक होती.

दुपारी काका टिपकागद आणायला बाहेर पडले आणि दलाल आला.

"आली अत्तराची बाटली," काकू स्वयंपाकघरातून पुटपुटली. दलालाच्या आधी त्याचा वास घरात शिरायचा. जुने नकाशे, जुनी चित्रं, जुनी घड्याळं, जे जुनं ते त्याचं. तो कारखान्यात येऊन बाबांच्या खुर्चीवर बसणार होता, पण तिने बरोबर त्याच वेळी खुर्चीवर टिपकागदाचा गठ्ठा ठेवला.

"वाईट झालं," तो उभ्यानेच म्हणाला. "देवमाणूस. बरं, काका आहेत?"

"नाहीत. माझ्याशी बोला."

"तुमच्याशीच बोलायला हवं, खरं तर. तो डच नकाशा. काका मला म्हणतात, अजून ओला आहे. ताई, कागद ओला राहून राहून किती राहतो?"

"तुम्हाला काय करायचंय त्याच्याशी? तो ग्रंथालयाचा आहे."

"आहे ना. ग्रंथालयाला एक प्रत हवी, मी त्यांना एक प्रत आणून देतो. तोच तांब्याचा पत्रा, तेच शतक, वर हिच्याहून धड. त्यांच्या बाईंना आनंदच होईल." त्याने आवाज उतरवला. "ही मात्र माझ्याकडे येऊ दे. मी पाहिलीय, इथेच, या टेबलावर. सगळ्या प्रतींत किनारा तुटतो आणि हिच्यात पुढे खाडी आहे. अशी खाडी असलेली प्रत आजवर कुणी पाहिलेली नाही. म्हणजे कोरणाऱ्याने तो पत्रा नंतर पुढे कोरला होता, आणि त्या छपाईचा हा एकच कागद जगात उरला. कळतंय का तुम्हाला काय म्हणतोय ते?"

तिला नको इतकं कळत होतं. "काका काय म्हणाले?"

"नाही म्हणाले नाहीत," दलाल हसला. "ओला आहे म्हणाले."

तो गेल्यावर वास मागे राहिला. ती कपाटासमोर उभी राहिली आणि शेवटच्या महिन्यांतली एकेक गोष्ट मनात शेजारी शेजारी मांडू लागली. फोन केला की उचलायचे काका. "दादा कामात आहे." "दादाला आत्ताच डोळा लागलाय." "दादा म्हणतो, रविवारी बोलू." बाबा आलेच फोनवर तर बोलणं सुरू होतं न होतं तोच मागून काकांचा आवाज, "चल दादा, खळ थंड होतेय." इतकी वर्षं खळीला कधी एवढी घाई नव्हती. मग एका सकाळी बाबा उठलेच नाहीत, आणि तिला मिळालं ते शेवटचं वाक्य होतं, "रविवारी बोलू."

कुलूप फोडायची गरज नव्हती. कपाट तिच्याच लहानपणाचं. लपाछपीत तिने त्याची सगळी गुपितं काढली होती. या कप्प्यांच्या मध्ये फळ्या नाहीत. वरचा कप्पा पूर्ण ओढून बाहेर काढला की खालचा आपोआप उघडा पडतो, मग त्याला कितीही कुलपं लावा. तिने वरचा कप्पा खाली काढून ठेवला, हात आत घातला, आणि दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवलेला नकाशा दोन्ही तळव्यांवर तोलून वर आणला. बाबांनी शिकवलं होतं तसंच. कागदाचं ओझं एका कोपऱ्यावर येऊ द्यायचं नाही.

टेबलाखालचा दिवा लावल्यावर जुना कागद मधासारखा उजळला. विंचरल्यासारख्या बारीक रेघा त्याच्या अंगात उभ्या दिसू लागल्या. हाताने केलेल्या कागदाची ती खूण. मध्येच एक तुकडा गुळगुळीत होता, त्यात त्या रेघा नव्हत्या. ते बुजवलेलं भोक. आणि त्या नव्या तुकड्यावर, जिथे काही असायला नको होतं तिथे, किनारा पुढे गेला होता.

तिने भिंग घेतलं. किनारा सरळ खाली येत होता, मग अंग चोरल्यासारखा आत वळत होता. खाडी होती. तोंडाशी उथळ पाण्याची खूण म्हणून तीन ठिपके. कडेच्या बारीक आडव्या रेघा कोरणाऱ्याच्या रेघांना इतक्या चिकटून पुढे गेल्या होत्या की सांधा शोधावा लागत होता. तिने नखाचा पाठीकडचा भाग हलकेच फिरवला. छापलेली रेघ किंचित उठून असते. नख खडबडत गेलं, खडबडत गेलं, आणि नव्या तुकड्यावर आल्यावर घसरलं. ही रेघ छापलेली नव्हती, काढलेली होती.

बाबांचा हात शेवटच्या वर्षी कपसुद्धा धड धरत नव्हता. या घरात अशी रेघ काढणारा हात एकच होता.

"बघितलंस तर," मागून काका म्हणाले.

ते दारात उभे होते, काखेत टिपकागदाची गुंडाळी. जमिनीवर काढून ठेवलेल्या कप्प्याकडे त्यांनी पाहिलं आणि कसनुसं हसले. "कपाट विसरलोच मी. लहानपणी तू त्याच्यातच राहायचीस."

"कोणी काढलं हे?"

काकांनी गुंडाळी सावकाश खाली ठेवली. "मी."

तिने भांडणाची तयारी केली होती, इतक्या सरळ उत्तराची केली नव्हती. "बाबा असताना?"

"असताना."

"त्यांना दिसू दिलंत?"

"त्याला तेव्हा काही दिसत नव्हतं. सोड ना. मी काढलं, चुकलो. हौस म्हण. बाईंना उद्या तसंच सांग, काकाने काढलं म्हणून. माझं नाव तसंही शेपटीवाल्याचंच आहे, त्यात आणखी काय बिघडणार आहे?"

"आणि दलाल?"

"त्याचं काय?"

"त्याला तुम्ही नाही म्हणाला नाहीत."

"नाही म्हटलं तर कारण विचारतो तो मेला! काय सांगू? खाडी खोटी आहे म्हणून? म्हणजे गावभर बोंब. ओला आहे म्हटलं, गप्प बसला."

"खोटं बोलायचं तर निदान नीट तरी बोला हो," काकू चहाचे कप घेऊन आत आली होती. टेबलावर नकाशा पाहून तिने कप दूर, खिडकीत ठेवले. तेवढी शिस्त तिलाही होती. "पोरीला सांगून टाका. दादांनी काढलंय ते."

"तू गप्प बस."

"इतके महिने गप्पच बसलेय. घरात तीन माणसं, त्यातली दोन एकमेकांना सांभाळतायत आणि मी दोघांना. अगं, दादा तुझ्या काकांना शेवटी शेवटी खलाशी समजायचे. 'पाणी किती खोल आहे रे?' असं विचारायचे. हे सांगायचे, 'सात वाव.' रोज! मी म्हटलं, पोरीला कळवा. तर हे म्हणे, तिच्या डोक्यात दादा आहे तसा राहू दे."

तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. काकू खरं बोलत असेल. किंवा नवऱ्याला वाचवत असेल. मेलेला माणूस जबाबदारी नाकारायला येत नाही, त्याच्या नावावर काहीही टाकता येतं. आणि काका? त्यांनी कबुली दिली ती भावासाठी, की ती दिली म्हणजे पुढची चौकशी टळेल म्हणून? छापखान्यात एका चुकीखाली दुसरी चूक दडलेली असते, आणि पहिली सापडल्याच्या आनंदात दुसरी निसटते. तिने खुर्चीवरचा गठ्ठा उचलला आणि बाबांच्या जागेवर बसली.

"काका, कुठल्या शाईने काढलंत?"

"हं?"

"तुम्ही काढलंत ना? शाई कुठली?"

"काजळीची," काका थोडं थांबून म्हणाले. "पक्की. छापाशी जुळायला तीच लागते. म्हणून तर कुलूप लावलं मी. ती निघायची नाही. खरवडायला गेलं तर खालचा कागद फाटेल, भोक पुन्हा उघडेल. काही इलाज नाही त्याला."

"पुसून पाहिलंत?"

"नाही."

"एकदाही?"

काकांनी नजर चुकवली. "हात लावला असता तर ते गेलं तरी असतं, नाहीतर राहिलं तरी असतं. मला दोन्ही नको होतं."

तिने काडीच्या टोकाला कापूस गुंडाळला, पाण्यात बुडवला, टिपकागदावर दाबून जवळजवळ कोरडा केला. काकू पुढे झाली, काकांनी तिचा हात धरून मागे घेतलं. खाडीच्या अगदी शेवटच्या टोकाला, जिथे रेघ आपली आपण थांबली होती, तिथे तिने कापूस टेकवला आणि न घासता उचलला.

कापसावर मातकट डाग आला. कागदावरचं टोक गेलं होतं.

तिने कापूस दिव्यापाशी धरला. काळ्याचा मागमूस नव्हता. तो रंग या खोलीत वाढलेलं मूलही ओळखेल असा होता. बुजवलेल्या कागदाला जुन्याच्या जवळ आणायला बाबा बशीत कालवायचे तोच जलरंग, फक्त दाट. "आपण घातलेलं सगळं साध्या पाण्याने निघालं पाहिजे," हेही त्यांचंच. ज्याला फसवायचं होतं त्याने काजळीच घेतली असती. ज्याने काढलं नव्हतं त्याला काजळीच वाटली होती.

"काका, ही तुम्ही नाही काढलीत."

काका टेबलाजवळ आले आणि त्या पुसलेल्या टोकाकडे वाकून बघत राहिले. "जलरंग?" ते म्हणाले. "अरे माझ्या दादा!" मग त्यांना हसू फुटलं, ते हसू मध्येच वाकडं झालं आणि ते तोंड फिरवून खिडकीकडे गेले. चहा थंड झाला आहे की नाही, हे बराच वेळ पाहत उभे राहिले.

"हात थरथरायचा ना त्यांचा?" तिने विचारलं.

"कप धरताना. ब्रश हातात दिला की थांबायचा. मी समोर बसायचो. एक दिवस म्हणाला, इतक्या लांबून आलेली माणसं, यांना उतरायला जागा नको? आणि काढायला लागला. मी अडवायला हवं होतं. नाही अडवलं. तो आनंदात होता गं."

तिला काकांचा राग आलेलाच होता, आणि तो गेला नाही. त्याची जागा फक्त बदलली. बाबा किनारा काढत होते, खलाशांशी बोलत होते, आनंदात होते, आणि या सगळ्याच्या बाहेर तिला "रविवारी बोलू" सांगून ठेवलं होतं.

"मला बोलवायला हवं होतंत," ती म्हणाली.

"हो," काका म्हणाले. एवढंच म्हणाले, हे बरं झालं.

तिने नवा कापूस गुंडाळला. निघतं हे कळलं होतं. ते कळायला जेवढं पुसावं लागलं तेवढं गेलं होतं. उरलेलं ठेवता आलं असतं. उद्या बाईंना "नाही" म्हणून सांगितलं असतं तर बाईंनी मानलंही असतं, आणि बाबांची खाडी त्यांच्या संग्रहात सुखाने राहिली असती. मग कुणीतरी त्यावर लेख लिहिला असता. बाबांच्या नावावर जगातला एक खोटा किनारा लागला असता.

"थांब," काकू म्हणाली. "फोटो तरी काढ की."

ती थांबली. विचार केला. मग नाही म्हणून मान हलवली. फोटो काढला की तो दलालापर्यंत कसा पोचेल, हे सांगायला लागलं नाही, काकूच म्हणाली, "हो बाई, त्या बाटलीच्या हाती लागायचा."

संध्याकाळपर्यंत ते काम चाललं. ती पुसायची, काका टिपकागद दाबायचे. आधी आडव्या बारीक रेघा गेल्या, मग ठिपके, मग खाडीचा वाक. मध्ये एका ठिकाणी तिचा कापूस अडखळला, तिथे बाबांनी रेघ दोनदा गिरवली होती. काहीतरी मनासारखं उतरलं नसावं. काका हळूच म्हणाले, "इथे म्हणायचा, वारा उलटा आहे." तिने तेवढी जागा सगळ्यात सावकाश पुसली. शेवटी बुजवलेला कागद फिकट आणि उघडा उरला, आणि कोरणाऱ्याची रेघ भोकाच्या काठाशी येऊन तुटलेली दिसू लागली.

सकाळी बाई आल्या. उंच, करड्या केसांच्या, चष्मा साखळीला. बाबांबद्दल दोन वाक्यं बोलल्या. दोन्ही नेमकी होती, त्यात एकही फुगीर शब्द नव्हता. मग नकाशावर वाकून त्यांनी भिंगाखाली सगळे सांधे पाहिले, नवा तुकडा पाहिला, आणि सरळ होऊन तिच्याकडे वळल्या. काका दाराशी उभे होते.

"काही भर घातली आहे का?"

"घातली होती," ती म्हणाली. "बाबांनी. शेवटी शेवटी त्यांचं मन ठिकाणावर नसायचं. जलरंगात होती. काल मी पुसली."

बाईंनी चष्मा पुन्हा लावला आणि त्या कोऱ्या तुकड्याकडे बघत राहिल्या, आधीपेक्षा बराच जास्त वेळ. त्या पुन्हा काही विचारतील, नकाशा तपासायला दुसरीकडे पाठवतो म्हणतील, या घरचं काम संपलं म्हणतील, अशी सगळी वाक्यं तिने मनात त्यांच्या वतीने म्हणून पाहिली.

"काय काढलं होतं?" बाईंनी विचारलं.

तिला ते सांगता येईल असं वाटलं नव्हतं. "एक खाडी. किनारा असा खाली येतो आणि आत वळतो. तोंडाशी पाणी उथळ आहे, पण डाव्या अंगाने वाट आहे. आत दोन जहाजं उभी राहतील एवढी जागा."

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही. तिथे ते थांबले."

बाईंनी मान डोलावली. मग दोघींनी मिळून नकाशा तळव्यांवर तोलला आणि पुठ्ठ्यांमध्ये ठेवला.